ॲप्रन न घातलेली डॉक्टर

मेडिकल चौकात पांढरा ॲप्रन हातावर टाकून कुणी उतरलं, की ऑटोवाला लगेच डॉक्टरसाहेब म्हणतो, मग तो फर्स्ट इयरचा का असेना. आपण वर्कशॉपचा ॲप्रन घालून टपरीवर गेलो, तर लोक पंक्चर काढून मागतील! माणसाच्या आधी त्याचे कपडे दिसतात. डॉ. आनंदीबाई जोशींना हे किती कळलं असेल!

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं. पुस्तकं घेऊन शाळेत निघाल्या की रस्त्यावरचे लोक हसायचे. १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला त्यांनी भर सभेत सांगितलं, की धर्म आणि वेश न बदलता शिकून येईन.

फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीतून पोटऱ्या उघड्या पडायच्या. मग त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. आपल्या भाषेत, डिझाइन बदललं, मटेरियल तेच ठेवलं! १८८५ च्या एका फोटोत त्या साडीत बसल्या आहेत, शेजारी जपान आणि सीरियाच्या दोन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात.

गंमत म्हणजे डॉक्टरचा पांढरा वेश तेव्हा ठरलेलाच नव्हता. त्याच शहरातल्या टॉमस एकिन्स या चित्रकाराच्या १८७५ च्या चित्रात सर्जन काळ्या कोटात ऑपरेशन करतो, १८८९ च्या चित्रात पांढऱ्या कपड्यांत. जंतूंचं शास्त्र पटलं तसा रंग बदलला. आनंदीबाई शिकल्या त्या या दोन चित्रांच्या मधल्या काळात.

११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जागाही ठरली. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. त्या वॉर्डात एकही पेशंट त्यांना तपासता आला नाही.

डिग्री घेताना त्या वीस वर्षांच्या होत्या. माझंही वय आज वीसच आहे. ॲप्रनची घडी घालताना हे आठवतं आणि जरा लाज वाटते.