खेळातून नाटक शिकवणाऱ्या व्हायोला स्पोलिन

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या शाळेत तालमींची धांदल सुरू होते. संवाद पाठ होतात, जागा ठरतात आणि ऐन दिवशी कुणीतरी मधलेच वाक्य विसरते. मग विंगेतला प्रॉम्प्टरचा आवाज आधी प्रेक्षकांना ऐकू येतो आणि नंतर नटाला! अशा वेळी गोंधळून न जाता, समोर जे घडते आहे त्यातूनच पुढचे वाक्य कसे काढायचे? आणि तेही लोकांना हसू येईल असे? आपल्या तमाशातील बतावणीत सोंगाड्या समोरचे प्रेक्षक पाहून ऐनवेळी संवाद रचतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ही देणगी काही जणांनाच जन्मतः मिळते, असे आपण समजतो. ती सरावाने कुणालाही साधता येते, हे अमेरिकेत एका शिक्षिकेने दाखवून दिले. त्यांचे नाव व्हायोला स्पोलिन.

व्हायोलाबाईंचा जन्म ७ नोव्हेंबर १९०६ रोजी शिकागो शहरात झाला. घराणे रशियातून आलेल्या ज्यू निर्वासितांचे. घरात माणसे जमली की नकला, सोंगे, मूकाभिनयाचे खेळ चालत. १९२४ ते १९२७ या काळात त्यांनी नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. हे शिक्षण चाले ते हल हाऊसमध्ये. जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये सहकारी एलेन गेट्स स्टार यांच्यासह गरीब व स्थलांतरित वस्तीत सुरू केलेली ही संस्था. मूल खेळताना नियम पाळायला, दुसऱ्याला सांभाळून घ्यायला आणि निर्णय घ्यायला आपोआप शिकते, हा बॉइडबाईंचा विचार व्हायोलाबाईंच्या मनात पक्का रुजला.

पुढे जागतिक मंदी आली. लोकांना काम मिळावे म्हणून अमेरिकन सरकारने ज्या योजना काढल्या, त्यांपैकी एका योजनेत १९३९ पासून व्हायोलाबाई शिकागोत नाट्य विभागाच्या पर्यवेक्षक झाल्या. समोर होती गरीब वस्तीतली, नाना देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले. अभिनयावर व्याख्यान देऊन तिथे काय साधणार? म्हणून बाईंनी व्याख्यान बाजूला ठेवले आणि अडचण आली की त्या अडचणीसाठी एक नवा खेळ तयार केला.

हे खेळ दिसायला अगदी साधे आहेत. आरशाच्या खेळात दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरशातल्या प्रतिबिंबासारखी तीच करायची. मग अदलाबदल. सराव झाला की पुढारी कोणीच नसतो, दोघेही एकमेकांच्या मागे जातात. दुसऱ्या एका खेळात हातात नसलेला चेंडू सर्वांनी झेलायचा आणि फेकायचा. चेंडू सर्वांना एकच दिसला पाहिजे, ही त्यातली मेख. तिसऱ्या खेळात अर्थ नसलेल्या बडबडीतूनच समोरच्याला आपले म्हणणे पटवायचे. प्रसंग उभा करताना आपण कोण, कुठे आहोत आणि काय करतो आहोत, एवढे तिघाचौघांनी ठरवायचे. बाकी सारे रंगमंचावर घडू द्यायचे. खेळ चालू असताना बाई बाजूने थोडक्यात सूचना देत, पण खेळ थांबवत नसत.

१९४६ मध्ये त्यांनी हॉलिवूडमध्ये मुलांची नाट्यसंस्था काढली. तिथे सहा वर्षांपासूनची मुले याच पद्धतीने शिकत. १९५५ मध्ये त्या शिकागोला परतल्या. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी डेव्हिड शेफर्ड यांच्यासह त्याच वर्षी 'कंपास' हा नटसंच सुरू केला. माइक निकोल्स आणि एलेन मे ही पुढे गाजलेली जोडी याच संचातली. बाईंनी या नटांकडून आपले खेळ करून घेतले. १९५९ च्या डिसेंबरात सिल्स व सहकाऱ्यांनी 'सेकंड सिटी' हे विनोदी नाट्यगृह उघडले. उत्स्फूर्त विनोदाची ती जणू गंगोत्रीच ठरली. मुलांसाठी काढलेले खेळ मोठ्यांच्या रंगभूमीचा पाया झाले. १९६३ मध्ये बाईंनी दोनशेहून अधिक खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये खास शाळेच्या वर्गांसाठी आणखी एक पुस्तक लिहिले. २२ नोव्हेंबर १९९४ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्न: ऐनवेळचा विनोद सुधारायचा कसा? व्हायोलाबाईंच्या शिकवणीतून आम्हाला तीन गोष्टी उमगल्या. पहिली, विनोद करायला जाऊ नये. हुशारी दाखवण्यासाठी मधेच मारलेली कोटी खेळ मोडते. खेळातले काम मन लावून केले की हसू आपोआप येते. दुसरी, आपले वाक्य मनात जुळवत बसण्यापेक्षा समोरच्याकडे नीट पाहावे, नीट ऐकावे. पुढचे वाक्य त्याच्याकडेच असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शाबासकीची हाव आणि चुकीची भीती या दोन्ही सोडाव्यात. सतत कुणाच्या तरी पसंतीकडे डोळे लावून बसलेले मूल मोकळे होऊच शकत नाही, असे बाईंचे ठाम मत होते. म्हणून खेळानंतरच्या चर्चेत चांगले-वाईट असा निवाडा त्या टाळत आणि ठरलेले काम साधले का, एवढेच पाहत.

ही तिसरी गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. आपली मुले रस्त्यावर एक भाषा बोलतात, घरात दुसरी आणि परीक्षेत तिसरी. मराठी बोलताना एखादा शब्द चुकला, कुणी फिदीफिदी हसले, की ते मूल पुढे तोंडच उघडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भाषा अशा एका हसण्याने गप्प होते. हे हसणारे पुष्कळदा आपण मोठेच असतो. शिकागोच्या मुलांना ज्या खेळांनी धीर दिला, ते आपल्या मुलांनाही देतील.

त्याला खर्च काहीच नाही. मधल्या सुटीत दोघांनी आरशाचा खेळ खेळून पाहावा. पालकांनी घरी नसलेला चेंडू मुलांकडे फेकून पाहावा. आणि यंदाच्या संमेलनात कुणी वाक्य विसरलेच, तर प्रेक्षकांनी हसण्याआधी क्षणभर थांबावे. कदाचित त्याला पुढचे वाक्य त्याचे स्वतःचेच सुचेल.