लेखणीचे स्वातंत्र्य आणि नोकरीची शाश्वती

२७ फेब्रुवारी १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या विख्यात दैनिकाचा अखेरचा अंक निघाला. जोसेफ पुलित्झर यांनी नावारूपाला आणलेले हे पत्र विकले जाऊ नये, अशी तरतूद त्यांनी आपल्या मृत्युपत्रात करून ठेवली होती. परंतु पत्र तोट्यात चालले तेव्हा वारसांनी न्यायालयाकडून विक्रीची अनुमती मिळविली आणि स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसमूहाने ते विकत घेऊन आपल्या ‘टेलिग्राम’मध्ये विलीन करून टाकले. कर्मचाऱ्यांनी पैसे उभारून पत्र आपल्या हाती घेण्याची धडपड केली, पण ती व्यर्थ ठरली. सुमारे २८०० माणसे एका रात्रीत बेकार झाली. मंदीच्या ऐन कडाक्यात त्यांना दुसरीकडे काम मिळण्याचा संभव फारच थोडा होता.

या घटनेची झळ ज्याला लागली नाही असा एक लेखक होता. ‘वर्ल्ड’मधून तीन वर्षांपूर्वीच त्याला काढून टाकण्यात आले होते आणि आता तो विकत घेणाऱ्या पत्रातच स्तंभ लिहीत होता. त्याचे नाव हेवूड ब्रून. अमेरिकेतील सर्वाधिक मानधन मिळविणाऱ्या पत्रकारांत त्यांची गणना होत असे. संघटनेची गरज ज्यांना सर्वांत कमी, अशांपैकी ते एक. तरीही त्यानंतर तीन वर्षांच्या आतच अमेरिकन पत्रकारांची पहिली टिकाऊ राष्ट्रीय कामगार संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. वृत्तपत्रांतील नोकरकपात हा विषय आज पुन्हा जगभर ऐरणीवर आला असताना या माणसाचे चरित्र नव्याने पाहण्याजोगे आहे.

ब्रून यांचा जन्म ७ डिसेंबर १८८८ रोजी ब्रुकलिन येथे झाला. वडिलांचा छपाईचा व्यवसाय होता आणि घरची स्थिती सुखवस्तू होती. १९०६ साली ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. वॉल्टर लिपमन आणि जॉन रीड हे तेथील त्यांचे समकालीन. चार वर्षांनी ब्रून पदवी न घेताच बाहेर पडले आणि वृत्तपत्रांत शिरले. आरंभी क्रीडावृत्ते, पुढे ‘ट्रिब्यून’मध्ये नाट्यपरीक्षणे, १९१७ साली फ्रान्समधील युद्धवार्ता अशी त्यांची वाटचाल झाली. १९२१ मध्ये ते ‘वर्ल्ड’मध्ये आले आणि त्यांचा दैनंदिन स्तंभ देशभर वाचला जाऊ लागला. अवाढव्य देह, चुरगळलेले कपडे आणि विनोदाची सहज शैली यांमुळे लोकांना ते गमत्या गृहस्थ वाटत. त्यांच्या पत्नी रूथ हेल या स्वतः पत्रकार होत्या आणि विवाहानंतरही स्त्रीने आपले मूळ नाव राखावे, यासाठी त्यांनी चळवळ चालविली होती. अन्यायाविषयीची ब्रून यांची चीड या घरात अधिकच धारदार झाली.

१९२७ साली या चिडीची कसोटी लागली. सॅको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांना मॅसॅच्युसेट्स राज्यात देहदंड ठोठावण्यात आला होता. खटला निःपक्षपाती झाला नाही, अशी शंका जगभर व्यक्त होत असताना हार्वर्डच्या अध्यक्षांचा समावेश असलेल्या समितीने शिक्षेवर मान्यतेची मोहोर उठविली. ब्रून यांनी आपल्याच विद्यापीठाच्या या अध्यक्षांवर जळजळीत स्तंभ लिहिले. ‘वर्ल्ड’चे धोरण उदारमतवादी होते, त्यालाही हा आवेश पेलला नाही. स्तंभ थांबविण्यात आला. काही काळाने समेट झाला. परंतु १९२८ मध्ये ब्रून यांनी एका साप्ताहिकात ‘वर्ल्ड’वरच टीका केली तेव्हा त्यांना कायमचे काढून टाकण्यात आले. नामवंत असल्यामुळे दुसऱ्या पत्राचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. तथापि एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली असली पाहिजे. ज्या मुद्रणस्वातंत्र्याचा वृत्तपत्रे एवढा गौरव करतात ते व्यवहारात मालकाचे स्वातंत्र्य असते. नोकराच्या वाट्याला ते मालकाच्या मर्जीइतकेच येते.

मंदी आल्यावर ब्रून यांचे लक्ष बेकारीकडे वळले. बेकारांना काही महिन्यांपुरते तरी काम द्यावे, यासाठी त्यांनी आपल्या स्तंभातून मोहीम चालविली. १९३० मध्ये समाजवादी पक्षातर्फे काँग्रेसची निवडणूक लढविली आणि ते पडले. १९३१ मध्ये बेकार नटनट्यांना काम मिळावे म्हणून त्यांनी एक संगीतरंजन रंगभूमीवर आणले व स्वतः त्यात उभे राहिले. ही कामे सद्भावनेची होती. पण दयेवर उभे केलेले साह्य किती अपुरे पडते, हेही त्यांतून दिसून आले.

त्या काळी वृत्तपत्राच्या इमारतीत कामगारांच्या दोन जाती नांदत होत्या. तळमजल्यावर खिळे जुळविणारे कंपोझिटर आणि यंत्रचालक. कंपोझिटरांची राष्ट्रीय संघटना १८५२ पासून चालत आलेली होती. त्यांचे वेतन, कामाचे तास आणि कामावरून कमी करण्याचे नियम कराराने बांधलेले होते. वरच्या मजल्यावर बातमीदार आणि उपसंपादक. त्यांना करार नव्हता, तासांची मर्यादा नव्हती आणि बडतर्फीला कारण लागत नव्हते. पुष्कळ बातमीदारांचा पगार खालच्या मजल्यावरील कंपोझिटरपेक्षा कमी असे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. वृत्तपत्र हा अत्यंत नाशवंत माल आहे. आजचा अंक आज रात्री छापला गेला नाही तर उद्या त्याची किंमत शून्य. ही रात्र अडवून धरण्याची शक्ती कंपोझिटरांच्या हाती होती. बातमीदार गेला तर त्याची जागा वृत्तसंस्थेच्या तारांनी भरून काढता येत होती आणि नावाच्या हौसेने कमी पगारावर येणारे तरुण दाराशी उभेच होते.

या दुर्बलतेला आणखी एक कारण होते आणि ते मानसिक होते. बातमीदार स्वतःला कामगार समजत नसे. वकील-डॉक्टरांप्रमाणे आपण बुद्धिजीवी व्यवसायी आहोत, संघटना करणे हे गिरणीतल्या मजुराचे काम, अशी त्याची समजूत होती. मालकांना ही समजूत फार सोयीची होती. जून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने औद्योगिक पुनरुत्थानाचा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक धंद्याने किमान वेतन व कमाल तास ठरविणारी संहिता तयार करावयाची होती आणि कामगारांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला होता. वृत्तपत्रमालकांनी आपल्या संहितेच्या मसुद्यात बातमीदारांना व्यवसायी ठरवून तासांच्या मर्यादेतून वगळण्याचा घाट घातला. पोकळ प्रतिष्ठेची रोख किंमत किती असते, ते बातमीदारांना त्या दिवशी कळून आले.

७ ऑगस्ट १९३३ रोजी ब्रून यांनी आपल्या स्तंभात हा प्रश्न मांडला आणि बातमीदारांची संघटना उभारण्याच्या कामी आपण स्वतः झटू, असे जाहीर केले. विनोदाच्या सुरात लिहिलेल्या त्या मजकुराने देशातील वृत्तपत्र-कचेऱ्यांत खळबळ उडविली. त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या पत्रकारांनी आपली संघटना स्थापन केली. ठिकठिकाणी मंडळे निघाली आणि १५ डिसेंबर १९३३ रोजी वॉशिंग्टन येथे ‘अमेरिकन न्यूजपेपर गिल्ड’ची स्थापना झाली. ब्रून अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत अध्यक्ष राहिले.

एप्रिल १९३४ मध्ये ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ने गिल्डशी पहिला करार केला. तेथील मालक डेव्हिड स्टर्न हे उदार वृत्तीचे होते. सर्वच मालक तसे नव्हते. नोव्हेंबर १९३४ मध्ये ‘न्यूअर्क लेजर’मध्ये संप झाला आणि तो सुमारे चार महिने चालला. बातमीदार थंडीत फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांच्यात ब्रून यांची धिप्पाड मूर्तीही दिसू लागली. १९३६ मध्ये हर्स्ट यांच्या ‘सिअ‍ॅटल पोस्ट-इंटेलिजन्सर’ने दोघा जुन्या कर्मचाऱ्यांना काढून टाकले, तेव्हा गोदीतले आणि मालमोटारींवरचे कामगार पत्रकारांच्या साह्याला धावले. हर्स्ट यांचे ते पत्र तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले. आपण मजूर नाही असे समजणाऱ्यांना त्या वेळी मजुरांनीच तारले. १९३७ मध्ये गिल्डने जाहिरात, वितरण आणि हिशेब या खात्यांतील कारकुनांनाही सभासदत्व खुले केले. हा निर्णय अनेक बातमीदारांना रुचला नाही. परंतु कचेरीतील कारकून बाहेर आणि बातमीदार आत, अशी संघटना पोकळच राहिली असती.

सर्वांत मोठी लढाई न्यायालयात झाली. मॉरिस वॉटसन हे असोसिएटेड प्रेसचे बातमीदार व गिल्डचे कार्यकर्ते. १९३५ मध्ये त्यांना कामावरून काढण्यात आले. कामगार मंडळाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, तेव्हा वृत्तसंस्थेने मुद्रणस्वातंत्र्याची ढाल पुढे केली. आपण कोणास नोकरीत ठेवावे हे सरकारने सांगणे म्हणजे वृत्तपत्रांवर बंधन घालणे होय, असा तिचा युक्तिवाद होता. १२ एप्रिल १९३७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. सर्व धंद्यांना लागू असणारे सामान्य कायदे वृत्तपत्रधंद्यालाही लागू होतात, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या निकालाचा ध्वनी पुढे भारतातही उमटला. १९५५ साली संसदेने श्रमिक पत्रकारांसाठी कायदा केला. कामावरून कमी करावयाचे झाल्यास संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची पूर्वसूचना, तसेच वेतनमंडळ, अशा तरतुदी त्यात होत्या. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९५८ साली ‘एक्स्प्रेस न्यूजपेपर्स’ खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड प्रेसच्या निकालाचा आधार घेत तो कायदा एका पोटकलमाचा अपवाद वगळता वैध ठरविला. मात्र वृत्तपत्रांची वेतन देण्याची ऐपत विचारात न घेतल्याबद्दल वेतनमंडळाचा निर्णय रद्द केला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या एका कामगार संहितेत १९५५ चा हा कायदा रद्द करण्याची तरतूद आहे. म्हणून या इतिहासाकडे परदेशी हकिगत म्हणून पाहून चालणार नाही.

ऐपतीच्या या प्रश्नाला ब्रून यांच्या चरित्रातही बगल देता येत नाही. ज्या ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ने पहिला करार केला, त्याच पत्रात १९४६ च्या अखेरीस गिल्डने संप पुकारला आणि संप चालू असतानाच १९४७ च्या आरंभी स्टर्न यांनी ते प्रतिस्पर्धी पत्राला विकून टाकले. पत्र बंद पडले आणि नोकऱ्या गेल्या. संघटना पगाराचा दर ठरवू शकते, कपातीचा क्रम सेवाज्येष्ठतेने लावू शकते, भरपाई मिळवून देऊ शकते. खपणार नाही ते पत्र खपविणे किंवा विकायला काढलेले पत्र वाचविणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. ‘वर्ल्ड’चे कर्मचारी संघटित असते तरी ‘वर्ल्ड’ वाचले असते, असे म्हणता येणार नाही. मात्र ते रिकाम्या हातांनी घरी गेले नसते आणि कोणी आधी जायचे हे एकट्या मालकाच्या लहरीवर ठरले नसते.

ब्रून यांच्यावर या कार्यापायी पुष्कळ चिखलफेक झाली. साम्यवाद्यांचे हस्तक म्हणून त्यांना हिणविण्यात आले. त्यांच्याच पत्रातील स्तंभलेखक वेस्टब्रुक पेग्लर हे एकेकाळचे स्नेही. त्यांनीही कडवट हल्ले चढविले. १९३९ च्या अखेरीस ‘वर्ल्ड-टेलिग्राम’ने ब्रून यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. हजारोंच्या नोकरीसाठी भांडलेल्या या माणसाची स्वतःची नोकरी अशा रीतीने गेली. ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये त्यांना जागा मिळाली, पण तेथे त्यांचा एकच स्तंभ प्रसिद्ध होऊ शकला. न्यूमोनियाने १८ डिसेंबर १९३९ रोजी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी कॅथलिक पंथाचा स्वीकार केला होता. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमधील अंत्यविधीला हजारो लोक लोटले.

त्यांनी स्थापिलेली संघटना टिकली. लॉस एंजेलिसचा ‘टाइम्स’ हा संघटनाविरोधाचा बालेकिल्ला म्हणून ओळखला जात असे. १८८१ साली निघालेल्या या पत्राच्या संपादकीय कर्मचाऱ्यांनी २०१८ च्या जानेवारीत प्रथमच गिल्डच्या बाजूने कौल दिला. सहाच वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच पत्राने किमान ११५ संपादकीय कर्मचाऱ्यांना कमी केले आणि कर्मचाऱ्यांनी त्याआधी काही दिवस काम बंद ठेवून निषेध नोंदविला. जाहिरातींचा पैसा वृत्तपत्रांकडून इतर माध्यमांकडे वळल्यापासून अशा बातम्या वरचेवर येत आहेत. १९३१ सालचा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे आणि संघटनेच्या शक्तीची मर्यादाही तीच आहे.

शिक्षक आणि कारकून यांच्या नोकरीला नियमांचे पाठबळ असते तेव्हा त्याची आठवणही होत नाही. ते नसलेल्या माणसाची गोष्ट निराळी. वृत्तपत्राचा वाचक रोज सकाळी जी बातमी विश्वासाने वाचतो ती लिहिणाऱ्याला उद्याच्या पगाराची खात्री नसेल, तर काय लिहावे याबरोबर काय लिहू नये याचाही हिशेब त्याला करावा लागतो. सॅको-व्हॅन्झेटी प्रकरणी ब्रून यांनी तो हिशेब केला नाही, कारण त्यांना तसे करणे परवडत होते. ज्या सामान्य बातमीदाराला ते परवडत नव्हते, त्याच्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची सहा वर्षे वेचली.