आनंदीबाईंची सातासमुद्रापलीकडची मावशी

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात गोपाळरावांच्या शिक्षणध्यासाचे कौतुक असते आणि ते अनाठायी नाही. मात्र त्याच ध्यासापायी कोवळ्या वयातील पत्नीला मार आणि सोडून देण्याच्या धमक्या सोसाव्या लागल्या, हे गौरवपर भाषणांत सहसा वगळले जाते.

१८६५ साली जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. अशा एकाकीपणात १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांचे पत्र आले. एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचून त्यांनी ते लिहिले होते. पत्रव्यवहार वाढत गेला आणि न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्यावर त्या राहिल्याही त्यांच्याच घरी.

फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांची सोबत लाभली. आपापल्या देशी वेशातील तिघींचे १८८५ मधील छायाचित्र प्रसिद्धच आहे.

मनातले सल बोलून दाखविण्याचे बळ आनंदीबाईंना आले ते याच भूमीवर. हेतू चांगला असला, तरी बालमनावर आणि शरीरावर होणारे परिणाम पाहता ते वर्तन चुकीचेच होते, असे त्यांनी पतीला पत्रातून कळविले. त्यात द्वेष नव्हता, आडपडदाही नव्हता.

मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.