डॉ. एडविन बटलर : रोगाची वाहतूक अडवायला शिकवणारा माणूस

तुरीचे सुकलेले झाड उपटून खोड उभे चिरले आणि आत काळपट-तपकिरी रेषा दिसल्या, की तुम्ही मर रोग ओळखता. या रोगाची बुरशी म्हणजे फ्युजॅरियम उडम. शास्त्रीय पुस्तकात या नावापुढे 'बटलर' असे छापलेले असते. 1910 मध्ये तिला हे नाव देणाऱ्या माणसाची ही ओळख.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म 1874 चा, आयर्लंडमधला. शिक्षण माणसांच्या वैद्यकाचे, पण ओढ बुरशीशास्त्राची. 1901 मध्ये ते सरकारी बुरशीतज्ज्ञ म्हणून कलकत्त्याला आले. पुढे बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत त्यांनी वनस्पती रोगशास्त्राचा पाया घातला.

सुरुवातीच्या काळातच, 1903 मध्ये, त्यांनी चंदनाच्या स्पाइक रोगाची पाहणी केली. त्या वेळी कारण हाती लागले नाही. तो फायटोप्लाझ्मामुळे होतो हे बऱ्याच वर्षांनी कळले. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ताडाची झाडे शेंडा कुजून मरत होती. तिथे बटलर यांनी बुरशी शोधली आणि रोगट झाडे तोडून जाळण्याची मोहीम राबवली गेली.

त्याच काळात कायदेही आले. अमेरिकेतील बोंड पोखरणारा सोंडा किडा इकडे येऊ नये म्हणून 1906 मध्ये आयात कापसाच्या गाठींना धुरी देणे सक्तीचे झाले. 1914 मध्ये विनाशकारी कीटक व कीड कायदा झाला. तो सोंडा किडा आजही भारतात नाही. यवतमाळच्या कापूस उत्पादकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

1920 मध्ये बटलर इंग्लंडला परतले आणि क्यू येथील बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. 1939 मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. 1943 मध्ये ते वारले.

1914 चा कायदा अजून लागू आहे. त्याखालील 2003 च्या आदेशानुसार परदेशी लाकूड तपासणी व प्रक्रियेशिवाय देशात येत नाही. पॅकिंगच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राहिले पाहिजे.

पण हा पहारा बंदरावरचा आहे. तुमच्या सागवानाला लागणारा वाहतूक पास मालकी आणि चोरी तपासण्यासाठी असतो. लाकूड निरोगी असल्याचा तो दाखला नव्हे. गावातला पहारा तुम्हालाच ठेवावा लागेल :

• मर लागलेल्या शेतातल्या तुराट्या व धसकटे दुसऱ्या शेतात नेऊ नका. ही बुरशी अवशेषांवर जमिनीत काही वर्षे टिकते. त्या शेतात फेरपालट करा, बियाणेही तिथले धरू नका.
• बोंडे लटकलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी रचून ठेवू नका. त्यात गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत राहते.
• चंदनाची किंवा फळझाडांची रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.
• साल पोखरलेले किंवा भुसा गळणारे लाकूड बांधावर साठवू नका.

बटलर यांच्या कामातून घेण्यासारखे इतकेच : रोग स्वतः फार लांब चालत नाही. बहुतेक वेळा आपणच त्याला गाडीत घालून नेतो.