डाव्या पायाचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

आमचे घर सुरतेच्या लिंबायत भागात. वडील खानदेशातून लूमवर कामाला आले आणि तेथेच राहिले. गल्लीत क्रिकेट चाले. मला मात्र फुटबॉलचे वेड. पण माझा डावा पाय जणू लाकडाचा! डाव्या बाजूला चेंडू आला की मी गडबडे, आणि राखीव खेळाडूंत बसे. शेवटी शाळेतील क्रीडाशिक्षकांनी एक महिनाभर आम्हां सर्वांना फक्त डाव्या पायाने खेळायला लावले. आम्ही हसलो, पडलो, चिडलो. महिन्याअखेर मी संघात होतो.

ही युक्ती मूळची कोणाची, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. ती हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांची!

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. आपले मराठी आणि कानडी जिल्हेही ज्या संस्थानात होते, त्याच हैदराबाद संस्थानातला. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तेथेच खेळले आणि पुढे शाळामास्तर झाले. पुढे त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ हाती घेतला. या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. रहीमसाहेब मुलांसाठी केवळ कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवीत. खेळाडूत जे उणे आहे तेथूनच शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची मास्तरकी होती.

१९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. पण रहीमसाहेब खचले नाहीत. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे नमविले. नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यापुढे आपण आजवर गेलेलो नाही.

खरी कसोटी लागली १९६२ साली जकार्तात. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून गमावला. राजकीय वादामुळे प्रेक्षक भारतावर संतापलेले. बचावफळीतल्या जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. दुसऱ्या कोणी त्याला बाहेर बसविले असते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला उभे केले! ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर आला. गोलरक्षक थंगराज तापातून नुकताच उठलेला, तरी त्याच्यावर विश्वास टाकला. मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. पी. के. बॅनर्जी आणि तोच जखमी जर्नैलसिंग यांच्या गोलांनी भारत २–१ असा जिंकला.

पुढे नऊच महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. भारताला आशियाई फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

सुट्टीत सुरतेला गेलो की मी गल्लीतल्या पोरांना डाव्या पायाने खेळवतो. तीही हसतात, पडतात, चिडतात. राखीव बसणाऱ्या एखाद्या पोराचा पाय अचानक चेंडूला नीट लागतो, तेव्हा रहीमसाहेबांची आठवण येते. त्यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.