कोशी आणि सर्वात तीव्र उताराची वाट

एआय मॉडेल 'ट्रेन' होतं म्हणजे आत नेमकं काय चालतं, असं विचारलं की ग्रेडियंट डिसेंट हे नाव हमखास येतं. ती पद्धत मांडणारा माणूस मात्र 1857 सालीच गेला. ऑगस्टिन लुई कोशी. जन्म पॅरिसचा, 21 ऑगस्ट 1789, फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीतला. विशीत तो शेरबूर बंदराच्या कामावर इंजिनियर होता, मग पुरता गणिताकडे वळला.

1821 च्या पुस्तकात त्याने एक असमानता दिली. दिसायला साधी, पण आपला सगळा विषय तिच्यावरच उभा आहे. मी भंडारा जिल्ह्यातला, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. समजा तुम्ही एखाद्या मामा तलावाच्या वरच्या अंगाला उतारावर उभे आहात. पूर्वेला 100 मीटर गेलं की जमीन 3 मीटर चढते, उत्तरेला तेवढंच गेलं की 4 मीटर. सर्वात जास्त चढ कुठे? काही जण उत्तर म्हणतात, काही बरोबर मधली ईशान्य. ईशान्येला साधारण 4.95 मिळतात. जवळ आलो, पण नाही. पूर्वेला 3 आणि उत्तरेला 4 या प्रमाणात तिरकं चाला, 100 मीटरला 5 मीटर चढाल. 3 चा वर्ग अधिक 4 चा वर्ग 25, त्याचं वर्गमूळ 5. (3, 4) ही जोडी म्हणजेच ग्रेडियंट. कोशीची असमानता सांगते की कुठल्याही दिशेचा चढ, म्हणजे डिरेक्शनल डेरिव्हेटिव्ह, 5 च्या वर जाऊच शकत नाही आणि 5 फक्त ग्रेडियंटच्याच दिशेला मिळतो. त्याला काटकोनात गेलात तर चढ शून्य. तलावाच्या पाण्याची कड अशीच असते. अगदी उलट दिशेला सर्वात तीव्र उतार, पावसाचं पाणी तिकडेच धावतं. आपल्याकडच्या कोहळी लोकांनी तलावांच्या पाळी घातल्या त्या हाच उतार ओळखून, तेही डेरिव्हेटिव्ह न शिकता!

कोशी कट्टर राजनिष्ठ. 1830 मध्ये सत्ता पालटली, नव्या राजाची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि नोकऱ्या गेल्या. आधी तुरीन, मग प्राग, तिथे पदच्युत राजाच्या नातवाची शिकवणी. माणूस हट्टी होता, पण किंमत स्वतः मोजली. 1838 ला परतला तरी शपथेशिवाय सरकारी अध्यापन बंद. विज्ञान अकादमीत मात्र शपथ लागत नसे, तेवढी एकच जागा उरली.

तिथेच ऑक्टोबर 1847 मध्ये त्याने जेमतेम तीन पानांचं टिपण दिलं. आकाशातल्या वस्तूंच्या कक्षा काढताना अनेक समीकरणं एकदम सोडवावी लागत. त्यांच्या चुकांचं एक फल धरायचं आणि ग्रेडियंटच्या उलट दिशेने पावलं टाकत खाली यायचं. पाऊल केवढं? एक तर पुरेसं लहान, नाहीतर त्या दिशेला फल सर्वात कमी होईल तेवढं. ही पावलं शेवटी उत्तरापर्यंत पोचतातच, याची पूर्ण सिद्धता टिपणात नाही. त्या पावलालाच आज लर्निंग रेट म्हणतात, आणि तो बसवताना आपले पोरं अजून रात्री जागतात.