गंधसाधक अर्नेस्ट बो

फुलांचा सुवास क्षणजीवी असतो. सायंकाळी उमललेला मोगरा दुसऱ्या दिवशी कोमेजतो आणि त्याचा परिमळही लोपतो. हा लोपणारा परिमळ कुपीत साठविण्याची विद्या ज्यांनी हस्तगत केली, त्यांत अर्नेस्ट बो याचे नाव अग्रगण्य आहे.

अर्नेस्टचा जन्म १८८१ साली मॉस्को येथे एका फ्रेंच कुटुंबात झाला. १८९८ साली तो तेथील राले यांच्या नामांकित सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. आरंभी साबणाच्या प्रयोगशाळेत काम करून पुढे त्याने गंध पारखण्याची व त्यांचे मिश्रण करण्याची कला आत्मसात केली. बोरोदिनोच्या लढाईस १९१२ साली शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने नेपोलियनच्या नावे त्याने तयार केलेला सुगंध अतिशय लोकप्रिय झाला. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले. १९१७ साली राज्यक्रांती झाली आणि मॉस्कोतील त्याच्या आयुष्याचा धागा तुटला.

याच धामधुमीत सैनिकी कामगिरीवर तो रशियाच्या अतिउत्तर प्रदेशात होता. उन्हाळ्यात तेथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. त्या प्रकाशात सरोवरांवरून येणारा शीतल, निर्मळ गंध त्याच्या मनात कायमचा ठसला. पुढे तो फ्रान्सला आला. जन्मगाव दुरावले, तो गंध मात्र त्याच्यासोबत आला.

१९२० च्या सुमारास पॅरिसमधील प्रख्यात वेशभूषाकार कोको शानेल हिने त्याच्याकडे नव्या अत्तराची मागणी केली. आता तो गंध कुपीत उतरवावा, असे अर्नेस्टने ठरविले. पण ती शीतलता कोणत्या फुलातून आणावी? जाई आणि गुलाब यांच्या जोडीला त्याने प्रयोगशाळेत बनणारी आल्डिहाइड नावाची रसायने घेतली. ती स्वभावतः उग्र असल्याने इतर अत्तरकार ती बेताने वापरीत. अर्नेस्टने धैर्याने त्यांचे प्रमाण वाढविले आणि फुलांच्या सुवासाला नवी टवटवी आली. त्याने १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे दहा नमुने तिच्यापुढे ठेवले. शानेलने पाचवा निवडला. १९२१ साली ‘शानेल क्रमांक ५’ या नावाने तो जगापुढे आला आणि आजही विकला जातो.

१९६१ साली पॅरिस येथे अर्नेस्टचे निधन झाले. हरवलेल्या दिवसांचा शोक करीत न बसता, त्यांतील एक निर्मळ आठवण त्याने अखंड परिश्रमाने जगाला वाटून दिली. हाच त्याच्या जीवनाचा खरा सुगंध होय.